मतदानाच्या दिवशी भरलेली बस

कंडक्टरबाबा आमच्याकडे आले की बसत नसत. मी खुर्ची पुढे करायची, त्यांनी खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवायचा, दुसरा हात वर दाराच्या चौकटीला टेकवायचा आणि पाय थोडे फाकवून उभं राहायचं. चहासुद्धा तसाच. बालाघाट ते गोंदिया धावणाऱ्या खाजगी बसमध्ये सारं आयुष्य उभ्यानं काढलेला माणूस तो. जमीन हलत नाही यावर त्यांचा शेवटपर्यंत पुरता विश्वास बसला नसावा.

"बसा ना बाबा," मी म्हणायची.

"बसतो. आधी बाकीच्याइले बसू द्या."

त्या वेळी घरात माझ्याशिवाय कोणी नसायचं.

खरं नाव सुखराम. पण गावात त्या नावानं कोणी विचारलं तर माणसं क्षणभर गोंधळायची. आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी तहसिलीतलं, धानाचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. माझं माहेर पलीकडचं, गोंदियाकडचं. लग्न करून अलीकडे आले आणि इथल्याच सरकारी शाळेत लागले. शाळेत हिंदी, घरात मराठी, बाजारात दोन्हींची खिचडी. कंडक्टरबाबांचं घर आमच्या घराला लागून, शाळेमागच्या गल्लीत. मला ते 'मॅडमबाई' म्हणत. नुसतं मॅडम म्हणणं त्यांना कोरडं वाटे आणि नुसतं बाई म्हणणं कमी.

गावातली एकही पंगत त्यांच्याशिवाय बसत नसे. लग्न कोणाचंही असो, बौद्धांचं असो की कुणब्यांचं, जेवणाची वेळ झाली की बाबा मांडवात. कोणाला कुठं बसवायचं, कोणत्या दोन व्याह्यांना शेजारी बसवायचं नाही, कोणत्या म्हाताऱ्याला भिंतीची टेक लागते, हे त्यांना न सांगता कळे. "समोर सरका भाऊ, मागं बाया उभ्या हायेत," असं त्यांनी म्हटलं की रुसून बसलेला माणूसही सरकत असे. यजमानाला आपल्या पंगतीची काळजी नसे. बाबा आहेत ना, एवढं पुरे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं 'काहून'.

काहून असं विचारणारे गावात पुष्कळ होते. उशीर काहून झाला, पोरगा नापास काहून झाला. पण त्या विचारण्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं, समोरच्याला फक्त खाली मान घालायची असते. बाबांना उत्तर ठाऊक नसे आणि ते त्यांना खरोखर हवं असे. ते विचारून झालं की तोंड थोडं उघडं ठेवून वाट पाहत. समोरचा वैतागला तर म्हणत, "तसं नाही भाऊ, मले समजून घ्याचं हाये."

राजेगावच्या बाईची गोष्ट ते नेहमी सांगत. बसमध्ये एक बाई दर आठवड्याला चढायची, तिकीट राजेगावचं घ्यायची आणि एक थांबा आधीच उतरायची. पैसे जास्त द्यायचे आणि वर उन्हात चालायचं! बाबांनी पुष्कळ दिवस कळ काढली. एकदा राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? तिकीट राजेगावचं, अन उतरता इथंच. काहून?"

बाई लाजली. म्हणाली, "राजेगावच्या थांब्यावर माझ्या नणंदेचं दुकान हाये भाऊ. तिथं उतरली त च्या प्याले थांबा लागते. नाही थांबली त राग येते. थांबली त माझ्या मायले भेटाले वेळ नाही राहत."

"मंग तिकीट इथलंच काहून नाही घेत?"

"बसमंधी तिच्या गावचे लोक राहतात. आधीच काहून उतरून राह्यली म्हनून विचारतीन ना!"

ही गोष्ट सांगताना बाबा शेवटी हसायचे नाहीत. मान हलवायचे. "पाहा मॅडमबाई, कोनाले दुखवाचं नाही म्हनून मानूस किती लांबून जाते."

निवडणुकीचा प्रश्नही त्यांना बसमध्येच पडला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा पंचायतीचं मतदान होतं. गाडी मात्र नेहमीसारखी सुटली होती आणि बाबा ड्युटीवर. सकाळी आपल्याच गावच्या थांब्यावर गाडी थांबली, तर नाल्यापल्याडचा टोला, म्हणजे आमच्याच गावाची वेगळी वस्ती, जवळजवळ सगळा चढला. बायाबापे, पोरं, पिशव्या. बाबा चक्रावले. मतदान गावातल्या शाळेत, आणि हे गाव सोडून चालले कुठे?

"काकाकडं काम हाये," एकानं सांगितलं.

"पोरीले पाहाले पाव्हने येनार हायेत," दुसऱ्यानं.

"सगळ्याइकडंच आजच पाव्हने?" बाबांनी विचारलं. त्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

निवृत्त होऊन घरी आले तरी तो प्रश्न त्यांच्या मनातून उतरला नाही. मला म्हणाले, "रिकामी गाडी पाहून दुःख होत होतं मॅडमबाई, पन त्या दिवशीची भरली गाडी पाहून जास्त झालं."

त्यांनी स्वतःशीच एक उत्तर काढलं. टोला नाल्याच्या पलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. शाळा अलीकडे. मधल्या नाल्याला कॅनॉलचं पाणी, त्यामुळे चिखल बारमाही. शाळेत यायचं तर रस्त्यानं लांबचा वळसा. बाबांच्या मते अडचण एवढीच होती. बाया चिखलातून येणार कशा, म्हाताऱ्यांनी वळसा घालायचा कसा? एका माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की गाव कसं कामाला लागतं हे मी तेव्हा पाहिलं. बाबांनी गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी भोजराजभाऊंकडून लाकडं मागितली, टोल्यातल्या माणसांकडून अंगमेहनत, आणि नाल्यावर ओंडक्यांचा पूल उभा राहिला. वर माती, बाजूला बांबूचा कठडा. माझ्या शाळेतली टोल्याची पोरं त्यावरून धावत येऊ लागली. बाबा दोन दिवस पुलावरून नुसतेच ये-जा करत होते.

पुढची पंचायतीची निवडणूक आली. सरपंचपद बायांसाठी राखीव. भोजराजभाऊंची सून आणि गेंदलालजींची बायको अशी सरळ लढत. गेंदलालजी आमच्याच गल्लीतले, बाबांच्या घरामागचे. दोन्ही घरं जमीनवाली, दोघांचाही गावाशी रोजचा संबंध. बाबांनी आयुष्यात पंचायतीला कधी मत दिलं नव्हतं, मतदानाच्या दिवशी ते कायम गाडीवर असायचे. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते सर्वांत आधी येऊन उभे राहिले आणि पडद्याआड इतका वेळ थांबले की मतदान अधिकाऱ्यानं विचारलं, "क्या हुआ, बाबा?"

आतून आवाज आला, "विचार करून राह्यलो, साहेब."

नंतर ते शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, पुलाकडे तोंड करून. शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असल्यानं मीही तिथंच होते. पूल रिकामा होता. एक कुत्रं आलं, अर्ध्यावर थांबलं आणि परत गेलं. टोल्यातून शेवटपर्यंत हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच माणसं आली, मागच्या वेळेपेक्षाही कमी. तीन वाजता दार बंद झालं. अधिकारी कंटाळून म्हणाला, "लोगों में जागरूकता ही नहीं है।"

"तसं नका म्हनू साहेब," बाबा पटकन बोलले. "लोक जागेच हायेत. सकाळी मी पाहून आलो, उजाडायच्या आधीच कुलपं लावून गेलेत."

मतपेटीतले कागद तिथंच, त्याच खोलीत मोजले गेले. पंचायतीच्या निवडणुकीत तशीच रीत आहे. भोजराजभाऊंची सून थोड्या मतांनी निवडून आली.

त्यानंतर बाबा टोल्यात फिरू लागले. घरोघरी. कौसल्याकाकू, त्यांची बायको, कपाळाला हात लावायची. "या वयात नसता उद्योग! लोक म्हनतीन, कोन्या पार्टीनं धाडलं." लोक तसं म्हणालेही. बाबा एकेकाला विचारत, काहून नाही आले? कोणी म्हणे बैल आजारी होता. कोणी म्हणे चिठ्ठीच मिळाली नाही. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, बोटाला शाई लागली की तंबाखू चोळता येत नाही. बाबा प्रत्येक उत्तर मला आणून सांगत आणि त्यावर प्रामाणिकपणे विचार करत. शाईच्या उत्तरावर तर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

टोल्यात सगुणाबाई म्हणून एक होत्या. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या बायांच्या म्होरक्या. शेताच्या कोणत्या बांधीत कोणी उतरायचं, मजुरी काय सांगायची, गाणं कोणी उचलायचं, सगळं सगुणाबाई ठरवणार. बाबांनी त्यांनाही विचारलं. त्या धान पाखडत होत्या. सुपातली नजर न उचलता म्हणाल्या, "काम होतं भाऊ."

"काय काम?"

"काम म्हंजे काम."

तिथून बाबा रिकामे परतले.

मग गेंदलालजींच्या मुलीचं लग्न निघालं. भिंतीला भिंत लागलेलं घर. मांडवाचे बांबू बाबांच्या अंगणातून नेले. आमच्या गल्लीत घरोघरी पत्रिका आल्या, पण बाबांच्या घरी आली नाही. कौसल्याकाकू दोन दिवस म्हणत राहिली, देतील, घरचाच माणूस म्हणून शेवटी देतील. लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं बाबांचा सदरा इस्त्री करून खाटेवर ठेवला. दुपारी बँड वाजला. सदरा तसाच खाटेवर.

मी जेवायला गेले. गेले नसते तर गेंदलालजींनी मला काय म्हटलं असतं, हा विचार मनात होताच. पंगतीचा सगळा विचका झाला होता. बाया उभ्या, पुरुष बसलेले, वाढणारे एकमेकांवर ओरडत होते. परतताना बाबा त्यांच्या अंगणात उभे दिसले, कुडाला हात टेकवून. कुडापलीकडे मांडव.

"पंगत नीट बसली काय मॅडमबाई?"

मी काय सांगणार? "नाही," म्हटलं.

"आवाजावरूनच समजलं. भात आधीच वाढून टाकला असन." त्यांनी कुडातली सुटलेली काडी आत खोचली. "काहून नाही बोलावलं असन मले?"

त्यांच्या तोंडून मी हा शब्द हजारदा ऐकला होता. त्या दिवशी तो ऐकवला नाही. गल्लीत सगळ्यांना कारण ठाऊक होतं आणि कोणी तोंडावर सांगत नव्हतं. गेंदलालजींनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या गल्लीतलं जे मत फुटलं ते कंडक्टरचं. मी कारण सांगितलं. बाबांनी कुडावरचा हात काढून घेतला. मग इतकंच म्हणाले, "माझं मत कोनाले होतं हे मी कौसल्येलेही नाही सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पूल ओलांडून सगुणाबाईंकडे गेले. सुट्टीचा दिवस, मीही पोरांच्या हजेरीचं निमित्त करून सोबत गेले, कारण मला त्यांना एकटं सोडवेना. सगुणाबाई दारात पायरीवर होत्या. लग्नाची बातमी टोल्यात पोचली होतीच.

"वयनी," बाबा म्हणाले, "आता सांग. आता मले बी समजन."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असं मला वाटलं. पाणी आणून दिलं. मग बोलल्या.

"भाऊ, आमी काही येडे नाही. आमाले मत द्याले आवडते. मोठ्या इलेक्शनले आमी जातो, हौ का नाही? तुमी पाह्यलं असन. पन हे पंचायतीचं वेगळं हाये. आमचा टोला अन तुमची शाळेमागची गल्ली, दोघाइची पेटी एक. गल्ली कोनाची ते सगळ्याइले माहीत. उरलेली मतं आमची. संध्याकाळी तिथंच खोलीत मोजतात, खिडकीतून दोघाइचे मानसं पाहत राहतात. रात होत नाही त गावाले समजते, टोला कोनाकडं गेला."

"मंग?"

"मंग काय? रोवणी आमी दोघाइच्या बांध्यात करतो. एक जितला त दुसरा बोलावत नाही. मांगं एकदा झालं तसं. अर्ध्या बाया एक हंगाम घरी बसल्या. तवाच ठरवलं टोल्यानं, कोनीच जाचं नाही. गावात राह्यलं त दोघाइचे मानसं न्याले येतात, म्हनून गावातच नाही राहाचं. आमचं भांडन कोनाशी नाही, भाऊ. दोघंही आपलेच हायेत."

बाबा खाली बघत होते. "मी समजलो, चिखलामुळं."

"चिखल बरा होता!" सगुणाबाई एकदम हसल्या. "चिखल होता त सांगाले कारन होतं. तुमी पूल बांधला अन कारन गेलं. मागं दोन-चार म्हातारे घरी राहत होते, आता त्याइलेही गाडीत घालून न्या लागलं."

परत येताना बाबा पुलावर मध्येच थांबले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्यांचा चेहरा पाहिला तर त्यावर नवल होतं. "इतक्या लोकाइनं मिळून ठरवलं मॅडमबाई, अन इतके वर्षं कोनी फुटलं नाही," ते म्हणाले. "अन आपन म्हनतो, गावात एकी नाही."

मग ते एक दिवस तहसिलीच्या गावी गेले. मोजणी गावात न करता दुसरीकडे नेऊन, सगळ्या पेट्या एकत्र करून करता येते का, हे विचारायला. तिथल्या बाबूनं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, गाव संवेदनशील असेल, तंट्याचं असेल, तर तसं करता येतं.

"आपके गाँव में कभी झगड़ा हुआ है?"

"नहीं साहब. झगड़ा न हो इसलिए ही तो लोग घर छोड़ के जाते हैं."

"तो फिर संवेदनशील कैसे हुआ?"

बाबांनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा ते रागावलेले नव्हते. बाबूचंही बरोबर आहे, म्हणाले. भांडण नाही म्हणून मोजणी गावात, आणि मोजणी गावात म्हणून लोक बाहेर. "या गोष्टीचं तोंडच सापडत नाही."

दीडेक वर्षानं भोजराजभाऊंच्या सुनेला सरकारी नोकरी लागली आणि तिनं सरपंचपद सोडलं. पोटनिवडणूक लागली ती ऐन थंडीत. आता भोजराजभाऊंची बायको आणि गेंदलालजींची बायको. बाबांनी सगुणाबाईंना बाबूची गोष्ट सांगितली होती. टोल्यात हापशीपाशी बाया जमल्या, बाबा आणि मी बाजूला उभे. पुन्हा कोणाच्या नातेवाइकाकडे जायचं याचीच बोलणी चालली होती. सगुणाबाई हंडा भरत होत्या. हंडा भरला तशा म्हणाल्या, "दोघी-चौघी गेल्या त दिसतात. अख्खा टोला गेला त?"

"त काय?" एकीनं विचारलं.

"त काय म्हंजे? सगळेच गेले, ज्याले जे वाटते ते दिलं, कोनी कोनाले सांगतलं नाही. मतं दोघाइकडंही पडतीन. मंग कोनाले बोलावाचं अन कोनाले नाही, कसं समजन त्याइले? सगळा टोला त घरी बसवता येत नाही. रोवणी कोन करन, भोजराजभाऊ करतीन काय?"

हसू फुटलं. पण लगेच कोणीतरी म्हणालं, अर्ध्या वाटेतून दहा घरं परतली तर? मग जे गेले ते उघडे पडतील. खूप वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं, जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. ते मतदानाच्या दिवशी सकाळी ठरवायचं.

"मी येतो सकाळी," बाबा उत्साहानं म्हणाले.

"तुमी नका येऊ, भाऊ," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द स्पष्ट. "तुमी आले त गाव म्हनन, कंडक्टरनं आनले. गेंदलालजीच्या मनात तुमी कोनाचे हा ते तुमाले माहीत हाये. तुमी इकडं फिरकूच नका. पुलावरही नका उभे राहू."

बाबांच्या आयुष्यात त्यांना कोणी अशी शिक्षा दिली नसेल. त्यांनी मान डोलावली.

मतदानाच्या दिवशी दाट धुकं होतं. बाबा सकाळी मत देऊन आले आणि आमच्या अंगणात येरझारा घालू लागले. माझ्या अंगणातून शाळेचं फाटक दिसतं, पूल दिसत नाही. सकाळच्या गाडीचा हॉर्न धुक्यातून ऐकू आला. बाबा थबकले. गाडी थांबल्याचा आवाज आला. ती जास्तच वेळ थांबली असं आम्हा दोघांनाही वाटलं. मग गाडी निघून गेली.

"चढले," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"एवढा वेळ थांबली म्हंजे चढलेच असतीन."

दहा वाजले, अकरा वाजले. गल्लीतली माणसं मत देऊन घरी गेली. कौसल्याकाकूनं पोहे पाठवले, बाबांनी ते चिमण्यांना टाकले. धुकं विरलं. मतदानवाले उन्हात खुर्च्या काढून बसले. मी शाळेत चहा द्यायच्या निमित्तानं जाऊन पुलाकडे पाहून आले. पूल मोकळा.

बारा वाजून गेल्यावर आधी बायांचा गलका ऐकू आला. रोवणीला निघताना असतो तसा. मग फाटकात सगुणाबाई दिसल्या, डोक्यावर पदर, कडेवर नातवंड. त्यांच्या मागे बाया, बायांच्या मागे म्हातारे, मग पुरुष. रांग फाटकाबाहेर गेली. मतदानवाल्यांची धांदल उडाली, खुर्च्या परत आत गेल्या. नंतर समजलं की सगळाच टोला नव्हता. दोन-तीन घरांना कुलपं होती, ती माणसं खरंच सकाळच्या गाडीनं गेली होती. पण ते कोण होते हे टोल्यानं कोणाला सांगितलं नाही.

बाबा माझ्या कुंपणाशी उभे राहून पाहत होते. हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. त्यांचा सगळा जीव डोळ्यांत आला होता. रांगेतल्या कोणीही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. तेही ठरलेलंच असणार.

या खेपेला गेंदलालजींची बायको निवडून आली, अगदी थोड्या फरकानं. टोल्याची मतं कुठं गेली हे दोन्ही घरं आठवडाभर बोटांवर मोजून शोधत राहिली. दोघांचीही माणसं टोल्यात येऊन आभार मानून गेली. आणि उन्हाळी धानाच्या रोवणीला दोन्हीकडून बोलावणं आलं, सगुणाबाईंनी मजुरी थोडी वाढवून सांगितली तरी.

गेंदलालजी पेढे घेऊन बाबांकडे आले तेव्हा मी तिथंच होते. बाबांनी पेढा घेतला, खाल्ला आणि विचारलं, "गेंदलालजी, पोरीच्या लगनात मले काहून नाही बोलावलं?"

गेंदलालजी चपापले. पत्रिका कमी पडल्या, पोरांनी गोंधळ केला, असं काहीबाही बोलले. बाबा तोंड थोडं उघडं ठेवून वाट पाहत राहिले. शेवटी गेंदलालजींनी मान खाली घातली.

"पुलाची लाकडं भोजराजची होती ना. मले वाटलं, मतही तिकडंच गेलं असन."

बाबा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. पोटाला हात लावून हसले. "लाकडं त्यानं दिली, कारन त्याच्याकडं पडली होती! तुमच्याकडं पडली असती त तुमाले मागतली असती!" कौसल्याकाकू आतून पाणी घेऊन धावली. गेंदलालजीही ओशाळून हसले, आणि निघताना म्हणाले, धाकट्याच्या लग्नात सगळी पंगत तुमच्या हाती. खरं मत कोणाला दिलं होतं हे त्यांनी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

तो ठसका मात्र गेला नाही. धाकट्याच्या लग्नापर्यंत बाबा राहिले नाहीत. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यांचा पोरगा नेत होता, आणत होता. उन्हं तापायच्या आधीचे दिवस होते. एका सकाळी शाळेत जाताना मी त्यांच्या अंगणात डोकावले. बाबा खाटेवर कोवळ्या उन्हात पडले होते, अंगावर चादर. हात तेवढा चादरीबाहेर. डाव्या हाताचं बोट डोळ्यांजवळ धरून ते एकटक पाहत होते. मी जवळ गेले तशी त्यांनी खूण करून मला वाकायला सांगितलं.

"हे पाहा. मतदानाची शाई. तवा नखाच्या मुळाशी होती, आता पाहा कुठं आली. नख वाढते तशी ती वर सरकून राह्यली." आवाज बारीक झाला होता, धाप लागत होती. "मागच्या वेळी माझं ध्यानच नव्हतं. मी समजत होतो, पुसून जाते."

"हो का?" मी म्हटलं. खरं तर मीही तसंच समजत होते.

शाळेची घंटा झाली. अंगणाच्या फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्यांनी बोट उन्हात जरा तिरकं केलं होतं, काळी रेघ नीट दिसावी म्हणून.